जिन्याखालचं कपाट

आमच्या सुताराने स्वतःच्या घरात कधी धड कपाट केलं नाही, ही त्याच्या बायकोची जुनी तक्रार. यंदा त्याने ती मोडून काढली. मुलगी सोलर बसवण्याच्या कामात. छपरावर पॅनल चढवून झाली होती, आता बॅटरी यायची होती. त्या बॅटरीसाठी त्याने जिन्याखाली सागवानी कपाट केलं. दारांना नक्षी, हवेसाठी जाळी. निम्म्या गल्लीला बोलावून दाखवलंसुद्धा.

मुलगी आली. सांध्यांवरून बोट फिरवून कपाट सुरेख झालंय म्हणाली, आणि मग बॅटरी इथे बसणार नाही म्हणाली.

सुताराचा पारा चढला. जागा कोरडी, ऊन नाही, गॅस नाही, जाळीसुद्धा ठेवली, मग घोडं अडलं कुठे?

"बाबा, हे लाकूड आहे. आणि वरून खाली यायला हा एकच जिना. बॅटरी सहसा पेटत नाही. पण पेटलीच, तर तुम्ही आणि आई उतरणार कुठून?"

दुसऱ्याचं घर असतं तर काय केलं असतंस, असं त्याने खोचकपणे विचारलं.

"तिथेही नाहीच म्हटलं असतं. मग तुम्हाला हो कसं म्हणू?"

तिने मागची खोली सुचवली: बाहेरची विटांची भिंत, खिडकी, अंगणात उघडणारं दार. पण त्या भिंतीला त्याचं कामाचं टेबल होतं, लग्नाच्याही आधीपासूनचं. सुतार न जेवताच वर निघाला.

"रुसायचं वय कुणाचं आणि रुसतंय कोण," बायको म्हणाली.

वर पलंगावर पडून त्याने खाली उतरायची दुसरी वाट शोधून पाहिली. खिडकीला गज होते, तेही त्यानेच हट्टाने बसवलेले. मग त्याला भाऊ आठवला. कच्च्या तुळईवर पोटमाळा करून द्यायला त्याने सख्ख्या भावाला साफ नकार दिला होता, आणि भावाने अबोला धरला तरी तो हलला नव्हता. पोर कुणावर गेली, हे त्याला आता कळलं, आणि ऊर भरून आला.

सकाळी मुलगी आली तेव्हा मागची भिंत मोकळी होती. तो पातळी बघायला पाणसळ धरून उभा राहिला. ती भोकं पाडत होती, एकेक बोल्ट आवळून पुन्हा तपासत होती.

तेवढ्यात शेजारचे पोस्टमास्तर आले. त्यांच्याकडेही बॅटरी येणार होती, आणि त्यांना जिन्याखाली अगदी असंच कपाट हवं होतं.

"कपाट देतो, पण चपला ठेवायला," सुतार म्हणाला. "बॅटरीचं माझ्या लेकीला विचारा. मात्र ती तुमच्या हो ला हो करेल असं समजू नका. ती बापालाही नाही म्हणते."

मागच्या खोलीत ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने तो हे म्हणाला.