गुरुवारची भूक

निवेसने सहलीचा कागद टेबलावर पसरला, तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीने, एर्सिलियाने, आधी चष्मा पुसला आणि मग पेन्सिल उचलली. तीस वर्षं जिनिव्हात फ्रेंच बोलून निवेस विटली होती. आठ दिवस फक्त आपली इटालियन भाषा बोलणाऱ्या मुलखात फिरायचं, हा तिचा हट्ट. बेलिन्झोना, लुगानो, कोमो, वेरोना अशी ठसठशीत यादी होती. एर्सिलियाने सगळ्यांच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, मोन्देस्को.

"हे कुठलं आणखी?"

"ओन्सेर्नोनेच्या खोऱ्यात. बसचा शेवटचा थांबा. जुनी गिरणी आहे म्हणे."

"ताई, सगळा जन्म लोकार्नोत गेला तुझा. आजवर नाही आठवली ती गिरणी?"

"आता आठवली. कागद तुझा, पेन्सिल माझी."

गिरणीचं कुणाला पडलं होतं! एर्सिलियाचा नवरा देल्मो पिवळी टपाल-बस चालवायचा. गुरुवारी त्याची पाळी त्या खोऱ्यात असे आणि मोन्देस्कोला बस तासभर थांबे. बत्तीस वर्षं दर गुरुवारी तो घरी येऊन "भूक नाही" म्हणाला. कॉलरवर पिवळट भुकटी असायची. ती झटकताना एर्सिलियाने कधी काही विचारलं नाही. मार्चमध्ये तो गेला आणि मोन्देस्कोहून चार ओळींचं पत्र आलं. देल्मोशिवाय गुरुवार सुने जातात, असं त्यात होतं. खाली सही होती लेओन्तिनाची. कोण ही बया? तेव्हापासून एर्सिलियाला चैन नव्हतं. आणि खरंच काही निघालं तर काय करायचं, तेही तिने ठरवलं नव्हतं.

बस भोंगा वाजवत वळणं चढली. निवेसने डोळे मिटले ते शेवटच्या थांब्यालाच उघडले. समोरच गिरणी होती. दारात पन्नाशीची, गोरीगोमटी बाई बाह्या सारून उभी होती. एर्सिलिया थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"लेओन्तिना तुम्हीच ना? मी देल्मोची बायको."

"अगं बाई! रिझोट्टोवाली एर्सिलिया!" लेओन्तिनाने तिचे दोन्ही हात धरले. "रिझोट्टो करावा तर माझ्या बायकोनेच, हे ऐकून ऐकून कान किटले होते आमचे. या, आत या."

आत चुलीवरच्या कढईत मक्याचे दाणे तडतडत होते. तो वास नाकात गेला आणि एर्सिलिया जागीच थबकली. त्या कॉलरचा वास होता तो.

"भाजायचं आणि दळायचं," लेओन्तिना सांगू लागली. "देल्मो वाडगाभर पीठ थंड दुधात कालवून खायचा. आधी माझे बाबा द्यायचे, मग मी. त्याच्या आईच्या हातचं असंच असायचं म्हणे."

"मग घरी का नाही मागितलं मेल्याने?"

लेओन्तिना जरा अडखळली. "तुम्हाला वास सोसत नाही, म्हणायचा."

एर्सिलियाला आठवलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. सासूने पिठाची पिशवी पाठवली होती. "शी! हे कोंबड्यांचं खाणं माझ्या स्वयंपाकघरात नको," असं म्हणून तिने ती खरंच शेजारच्या कोंबड्यांना घातली होती. देल्मोही हसला होता. तो हसला म्हणून ती विसरूनही गेली होती.

इतके महिने ती एका बाईला शोधत होती आणि सापडली ती स्वतःच. तिला देल्मोचा राग आला, स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं.

"ताई, बस सुटेल. बेलिन्झोनाचे किल्ले राहतील," निवेस दारातून म्हणाली.

"किल्ले कुठे पळून जातायत? लेओन्तिना, मला द्या एक वाडगा."

तिने खाल्लं. गोडसर, खमंग होतं. तळ खरवडून ती पुटपुटली, "मूर्खा, एकदा मागायचंस तरी."

बसमध्ये बसताना निवेसने तिच्या कॉलरवरची पिवळट भुकटी झटकायला हात पुढे केला. एर्सिलियाने तो बाजूला सारला.

"राहू दे," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी मला जेवायचा आग्रह करू नकोस. भूक नाही."