पहिले तीन सामने

"मी नाही यायची," पोस्टातल्या बाई म्हणाल्या आणि निमंत्रणाचा लिफाफा त्यांनी टेबलावरून परत पाहुण्यांकडे सरकवला. "पदक वहिनीला द्या. घरचं माणूस ती."

निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गल्लीत त्या अजून पोस्टातल्या बाईच होत्या. समोर बसलेले पाहुणे ऐंशीच्या घरातले. देशाचा फुटबॉल संघ पन्नास वर्षांपूर्वी पहिल्यांदा समुद्रापलीकडे खेळायला गेला, तेव्हाचे ते सेक्रेटरी. त्या संघाचा आता सत्कार होता. बाईंचा दादा त्या संघाचा गोलकीपर. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"त्यांना जिना उतरवत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "आणि तुम्ही तर सख्ख्या बहीण."

"सख्खी!" बाई हसल्या. "सत्तेचाळीस वर्षं बोलला नाही तो माझ्याशी. रस्त्यात दिसले तर पलीकडच्या फुटपाथवर जायचा. तुम्हाला माहीत नाही?"

सेक्रेटरींनी खाली बघितलं. "थोडं माहीत आहे."

"मग सगळं ऐका. तुमचा संघ तिकडे गेला आणि तिसऱ्या दिवशी आई तापाने पडली. मी अठरा वर्षांची. घरात आम्ही दोघीच. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. मी धावत जाऊन तार केली. पुढे पाच दिवस आई होती. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की मान वळवायची. शेवटी ती गेल्याचीच तार करावी लागली. दादा आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच म्हणाला, ती आजारी आहे हे मला कळवलं का नाहीस? मी म्हटलं, कळवलं होतं. तर म्हणाला, खोटं बोलू नकोस."

"पावती?"

"सापडली नाही. त्या गडबडीत कुठे गेली कोण जाणे. आधी मी खूप भांडले. मग हळूहळू मलाच वाटायला लागलं की माझाच पत्ता चुकला असणार. घाईघाईत लिहिला होता."

दोन वर्षांनी त्या पोस्टात चिकटल्या आणि अडतीस वर्षं एकाच खिडकीत बसल्या. पत्र असो, पार्सल असो, आलेल्या माणसाकडून त्या पत्ता मोठ्याने वाचून घ्यायच्या. रांग वैतागायची. "बाई, पत्ता आहे हो, परीक्षा नाही!" असं कुणीतरी मागून ओरडायचं आणि सगळे हसायचे. बाईही हसायच्या, पण वाचून घेतल्याशिवाय शिक्का मारायच्या नाहीत. लग्न राहून गेलं. त्याचंही त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. दादाची मुलं तीन स्टॉपवर मोठी झाली आणि त्यातलं एकही कधी "आत्या" म्हणून दारात आलं नाही, ते मात्र लागलं होतं.

"पत्ता चुकला नव्हता," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"तार मला मिळाली. सकाळी, हॉटेलच्या गल्ल्यावर. दुपारची बोट होती, ती त्याला मिळाली असती. पण दुसऱ्या दिवशी आपला पहिला सामना. राखीव गोलकीपरचं मनगट आदल्याच दिवशी मुरगळलेलं. म्हटलं, देश पहिल्यांदा मैदानात उतरतोय आणि गोलात कुणी नाही? एवढा एक सामना होऊ दे, मग देतो. सहा गोल झाले आपल्यावर. तो पोरगा चिखलात बसून रडला. त्या वेळी कशी देऊ? मग दुसरा सामना आला. तीन झाले. म्हटलं, आता एकच राहिला. तिसऱ्यात त्याने पेनल्टी अडवली. एक-एक बरोबरी. पहिल्यांदाच आपण हरलो नव्हतो. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन गावातून फिरवलं. हॉटेलवर आलो तर तुमची दुसरी तार येऊन पडलेली. ती मी त्याला दिली. पहिली फाडून टाकली."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. बाई उठल्या, नळ घट्ट बंद केला आणि परत येऊन बसल्या.

"काय लिहिलं होतं त्यात?"

"'आई फार आजारी. तुझं नाव घेते. लगेच निघ.'"

बाईंनी मान हलवली. शब्दन् शब्द तोच होता.

"त्याला कधी सांगावंसं नाही वाटलं?"

"दर वर्षी वाटायचं. तो भेटला की माझे हात धरायचा. म्हणायचा, तुमच्यामुळे मी देशासाठी खेळलो." सेक्रेटरींनी हात जोडले. "मला वाटेल ते बोला, बाई."

बाई उठल्या. खुंटीवरची पिशवी घेतली, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"चला."

"कुठे?"

"वहिनीकडे. मला एकटीला सांगून मोकळे होऊ नका."

तीन स्टॉप बसने, मग तीन मजले. सेक्रेटरी प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबत होते आणि बाई दोन पायऱ्या वर उभं राहून वाट बघत होत्या. या घराच्या दारापर्यंत त्या एकदाच आल्या होत्या, दादाला नेलं त्या दिवशी. शेजाऱ्यांच्या गर्दीत मागे उभ्या राहून तशाच परतल्या होत्या.

वहिनी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. गुडघे सुजलेले. सेक्रेटरींनी सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी जास्त वेळ लागला, कारण मध्ये मध्ये ते थांबत होते. वहिनीने एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे वन्संनी तार केली होती?"

"केली होती."

वहिनीने तोंड खिडकीकडे वळवलं. मग बाईंकडे न बघता म्हणाली, "शेवटच्या आठवड्यात ते दोनदा म्हणाले. तिला बोलवा, म्हणाले. मी म्हटलं, निरोप पाठवलाय. नव्हता पाठवला. मला वाटलं, आईच्या वेळी तुम्ही जे केलंत, ते तुम्हालाही कळू दे. फिट्टंफाट."

पदराने तिने तोंड पुसलं. "दाराकडे बघत होते हो ते."

सेक्रेटरी उठायला गेले आणि पुन्हा बसले. बाईंच्या मांडीवरची पिशवी खाली घसरली, ती त्यांनी उचलली नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं, त्याचा आवाज वरपर्यंत आला.

"मी चहा टाकते," बाई शेवटी म्हणाल्या. "तुम्ही उठू नका."

स्वयंपाकघर छोटं होतं, स्वच्छ होतं. पातेलं ओट्यावरच होतं. पाणी ठेवलं, गॅस लावला. चहाचा डबाही समोरच मिळाला. मग साखर शोधायला त्यांनी एक फडताळ उघडलं. डाळी होत्या. दुसरं उघडलं. त्यात कपबश्या आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या. पाणी उकळायला लागलं होतं.

"वन्सं, सापडतंय का सगळं?" बाहेरून वहिनीने विचारलं.

"हो, सापडतंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिसरं फडताळ उघडलं.