माझं शेवटचं कोरं पान

मित्रांनो, सिनाईच्या डोंगरातल्या एका मठात, कपाटाच्या खालच्या फळीवर मी राहतो. मी जुना ग्रीक ग्रंथ आहे. पानं बकरीच्या कातड्याची, शाई काजळीची. देवाबद्दल काय काय बोलता येत नाही, एवढंच मी सांगतो. देवाकडे वर चढत जावं तसे माझे शब्द विरळ होत जातात आणि शेवटचं पान कोरंच आहे. तिथे वाचणाऱ्याने गप्प बसायचं असतं.

ते माणसांना फार जड जातं. माझ्या समासांत टिपा आल्या, मग टिपांवर टिपा आल्या. मौनाचा अर्थ सांगताना एकाला तर जागा पुरेना, म्हणून त्याने पान आडवं धरून लिहिलं. मी सगळं सोसलं. कोरं पान तेवढं ग्रंथ सांभाळणाऱ्या झोसिमासबाबांनी वाचवलं. मसुरीची आमटी खाऊन झाली की ते रोज त्या पानासमोर नुसते बसत. मला शेवटपर्यंत वाचणारा तो एकच माणूस.

गाणाऱ्या साधूंचा म्होरक्या गेरोंतिओस. त्याचा त्याच पानावर डोळा होता. स्तोत्रं लिहायला त्याला कातडं मिळत नव्हतं.

"बाबा, अख्खं पान रिकामं! बकरी काय फुकट मेली?"

"रिकामं कुठलं? शेवटचं प्रकरण आहे ते."

"त्यात एक अक्षर नाही!"

"म्हणून तर शेवटचं."

"मग द्या की इकडे, खोडायचे कष्टही नाहीत."

"मी जिवंत आहे तोवर नाही."

"बरं, थांबतो," तो गोड आवाजात म्हणाला.

बाबांची झोप उडाली. खोकला वाढला, नजर अधू झाली तशी धास्तीही वाढली. "माझ्यामागे हा मेला तुला सोडायचा नाही," असं पुटपुटत एके दिवशी त्यांनी लेखणी उचलली, माझं शेवटचं पान उघडलं आणि बरोब्बर मधोमध लिहिलं: 'हे पान कोरं ठेवावं. इथे जो एक अक्षरही लिहील, त्याला सगळ्या संतांचा शाप लागो.'

मला ओरडावंसं वाटलं. पण ग्रंथाला लिहिलेलंच बोलता येतं, आणि लिहिलेलं तर हे असं!

गेरोंतिओसाने ते वाचलं. "वा, बाबा! सुरुवात तुम्हीच केलीत. खाली माझी दोन कडवी आरामात बसतील."

बाबांनी पान डोळ्यांजवळ धरून स्वतःचीच ओळ पुन्हा वाचली. "पहिला शाप मलाच लागला रे," ते म्हणाले, आणि त्यांनी मला त्याच्या हाती दिलं.

कडवी अजून आहेत. चाल बरी आहे म्हणतात.

मित्रांनो, मला ओलीपासून जपा, उंदरांपासून जपा. फक्त जपताय हे माझ्यावर लिहून ठेवू नका.