डाव्या गुडघ्यावरचे पाणी

मी कारंज्यातला म्हातारा बोलतोय. ब्राँझचा, दोन हात उंच, खडकावर गाल फुगवून बसलेला. सध्या मुक्काम जुन्या वस्तूंच्या दुकानात. गळ्यात पाटी आहे: ‘अस्सल इटालियन. शंभर वर्षांहून जुना.’ वय मला मान्य आहे. ‘अस्सल’ या शब्दाने मात्र अवघडल्यासारखे होते. कोणी निरखून पाहू लागले की वाटते, आता आपले पितळ उघडे पडणार.

जन्म आठवतो तो असा. आधी मी मेणाचा होतो. वर मातीचा लेप चढला, भट्टीत मेण वाहून गेले आणि त्या पोकळीत तापलेला धातू शिरला. तोंडातली नळी तेवढी तिरकी बसली. ओताऱ्याच्या भावाने चूक दाखवली, तर ओतारी म्हणाला, “राहू दे रे. म्हातारपणी कोणाचं तोंड सरळ असतं?”

म्हणून माझे पाणी माझ्याच डाव्या गुडघ्यावर पडे. तिथून उडून ते शेजारी उभ्या असलेल्याच्या बाहीत शिरे.

पुढे कितीतरी वर्षांनी जहाजातून मी एका डॉक्टरांच्या बागेत आलो. त्यांना दोन मुले होती, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. ती मला ‘थुंकेआजोबा’ म्हणत. थोरला रोज बहिणीचे कोपर धरून तिला माझ्या डाव्या बाजूला सरकवी. “चिमे, इथून आजोबा छान दिसतात!” चिमी भिजायची, किंचाळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फसायची. पुढे पुढे ती फसल्याचे सोंग करत असावी, असे मला वाटते. खात्रीने कसे सांगू?

मुले मोठी झाली, दूर गेली. डॉक्टर गेले, घर विकले गेले. नव्या मालकांनी माझ्या हौदात माती भरून रोपे लावली. कितीतरी वर्षे मी कोरडा बसलो होतो. एकदा तर तोंडात गांधीलमाश्यांनी घर केले.

शेवटी या दुकानदाराने मला उचलून आणले. माणूस सज्जन, पण फार टापटिपीचा. गुडघ्यावर साचलेला पांढरा क्षार त्याने ब्रशने घासून काढला. मग प्लंबरला बोलावून म्हणाला, “याची धार सरळ कर. असा वाकडा थुंकणारा म्हातारा कोण घरात घेईल?” धार सरळ झाली. खरे सांगतो, मलाही तेव्हा बरे वाटले होते.

गेल्या आठवड्यात दोघे भाऊबहीण आले. दोघांचेही केस पांढरे. भावाच्या हातात काठी.

“हेच गाल, चिमे. हेच आजोबा.”

“दादा, तुला तर आता समोरचा माणूसही धड दिसत नाही.” मग दुकानदाराकडे वळून ती म्हणाली, “डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, वर्षभरात याची नजर जाईल. त्याआधी आमचं कारंजं शोधतोय. जरा पाणी सोडा हो.”

पाणी सरळ हौदात पडले. चिमीचा चेहरा उतरला. “हे नव्हे. आमचे आजोबा वाकडे थुंकायचे.”

“अहो, हेही वाकडंच पडायचं! मीच सरळ करून घेतलं.”

“तुम्ही तसं म्हणणारच. विकायला बसलाय ना!”

दोघे निघून गेले. निघताना भावाने आपला फोन नंबर ठेवला आणि दारातून दोनदा वळून पाहिले. मी काय बोलणार? माझे तोंड कायम उघडे, पण त्यातून पाणीच येते. चिमी, दादा, सगळे मला आठवत होते, तरी माझीच मला शंका येऊ लागली. एका साच्यातून दोन म्हातारे निघाले असतील का? त्यांचे आजोबा दुसरेच असतील का? चार दिवस मी हाच विचार करत बसलो.

दुकानदारालाही चैन नसावे. त्याने प्लंबरला पुन्हा बोलावले.

“मालक, आधी सरळ, आता वाकडं. एकदा काय ते ठरवा!”

“जसं होतं तसं कर बाबा. चूक माझीच.”

आज फोन करून त्याने दोघांना बोलावले. चिमी हाताची घडी घालून उभी राहिली. “वाकडं काय, कुणीही करून देईल.”

दादाने चाचपडत तिचे कोपर धरले आणि तिला डावीकडे सरकवले. “इकडून बघ. इथून छान दिसतात.”

ती सरकली. पाणी सुटले, गुडघ्यावर आपटले आणि थेट तिच्या बाहीत शिरले.

बाहीचे तिने दुकानात कोणालाच सांगितले नव्हते. ती हलली नाही. बाहीतून पाणी टपटपत राहिले.

“दादा,” ती म्हणाली, “सत्तरी उलटली, तरी लाज नाही वाटत तुला?”

दादा हसत हसत खिशातला रुमाल शोधत होता.

दुकानदाराने माझ्या गळ्यातली पाटी काढली. उद्या मी त्यांच्या घरी जाणार. अस्सल आहे की नाही, मला अजूनही ठाऊक नाही. विनंती एवढीच, की गुडघ्यावर पुन्हा क्षार साचला, तर तो घासू नका. डोळ्यांना दिसेनासे झाले, तरी दादाच्या बोटांना तो लागेल.