लाल टोपलीतली बाहुली

खेळण्यांचं दुकान चालवणारा माणूस हसतमुख असतो अशी लोकांची उगाचच समजूत असते. आजोबा अजिबात तसे नव्हते. कपाळावर आठ्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि घासाघीस करणाऱ्याला एकच उत्तर, "भाव लिहिलाय, वाचता येतो ना?" पण माणूस सचोटीचा. तुटकं खेळणं चांगलं म्हणून त्यांनी जन्मात कुणाच्या गळ्यात मारलं नाही. चाक निखळलेली मोटार, डोळा सैल झालेलं अस्वल, असलं सगळं दाराजवळच्या लाल टोपलीत जायचं, निम्म्या किमतीत. आणि खोट कुठे आहे ते आजोबा गिऱ्हाइकाला स्वतः बोट ठेवून दाखवायचे.

ती खोट शोधायचं काम नातीचं. तिला सगळे खारू म्हणत, कारण दिसेल तो खोका ती कुरतडल्यासारखा उघडायची. शाळा सुटली की दुकानात यायचं, टोपलीपुढे फतकल मारायचं आणि नवं आलेलं खेळणं उलटंपालटं करून बघायचं. मग "सापडली!" अशी आरोळी. आजोबा काउंटरवरच्या बरणीतून लिमलेटची गोळी काढून द्यायचे. एका खोटीला एक गोळी, असा दोघांचा करार होता. अख्ख्या गल्लीला आंबट असलेला हा म्हातारा नातीपुढे मात्र पार विरघळायचा.

हंगाम संपत आला तसा मुलाने आवरायला घेतलं. मुलगा म्हणजे खारूचा बाप. हल्ली दुकानाचा हिशेब तोच बघायचा. एकाच साच्यातल्या दोन तऱ्हेच्या बाहुल्या होत्या. तोच निळा झगा, तेच पांढरे बूट, तीच हसरी जिवणी. फक्त एक गोरी आणि एक काळी. गोऱ्या भराभर गेल्या, पुन्हा मागवाव्या लागल्या. काळ्या फळीवर धूळ खात बसल्या.

"बाबा, या काही हलत नाहीत. निम्म्यात काढू या का?"

"काढ," आजोबा मान वर न करता म्हणाले. न खपणारा माल उतरवायचा, त्यात विचार तो काय करायचा? थंडी संपल्यावर लोकरीची माकडं नव्हती का उतरवली? आणि निम्म्या किमतीचा माल ठेवायची जागा या दुकानात एकच. मुलाने काळ्या बाहुल्या उचलल्या आणि लाल टोपलीत नेऊन ठेवल्या.

खारू आली तेव्हा टोपली भरलेली बघून खूश झाली. पहिली बाहुली घेतली. हात फिरवले, पाय फिरवले. बूट काढले. केस बाजूला करून डोकं तपासलं. झग्याची शिवण कुठे उसवलीय का ते पाहिलं. पोट दाबलं, तर बाहुली अगदी शहाण्यासारखी 'मा' म्हणाली. खारूने दुसरी घेतली, मग तिसरी. आजोबा गिऱ्हाइकांच्या गडबडीत होते. टोपलीकडून आरोळी आली नाही हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

"काय गं, हरलीस?"

खारू उठली. फळीवरची गोरी बाहुली काढून तिने काउंटरवर ठेवली, शेजारी काळी ठेवली. मग आपला हात दोघींच्या मध्ये ठेवून बघितला. तिचा रंग आईचा. तिने हात सावकाश काळ्या बाहुलीकडे सरकवला.

"सापडली," ती म्हणाली. आरोळी नव्हती ती.

आजोबांचा हात सवयीने बरणीत गेला होता, तो तिथेच थांबला. "तसं नाही गं राणी. हिला काही झालेलं नाही. लोक कमी घेतात, एवढंच."

"का कमी घेतात?"

"लोकांची आवड," ते कसेबसे म्हणाले, आणि आपल्यालाच हे पटत नाही हे त्यांना कळलं.

"मला गोळी नको," खारू म्हणाली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

संध्याकाळी सून तिला न्यायला आली, तेव्हा आजोबांनी चाचरत सगळं सांगितलं.

"मी सकाळीच बघितलं होतं, बाबा," सून म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? हिशेब तर तुमचा बरोबरच होता."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, कारण रागाला आजोबांपाशी उत्तरं भरपूर होती. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी काळ्या बाहुल्या टोपलीतून काढल्या, निम्म्या किमतीच्या चिठ्ठ्या खरवडल्या, पूर्ण भाव लावला आणि गोऱ्यांच्या शेजारी नेऊन मांडल्या. मुलगा कुरकुरला. आजोबांनी लक्षच दिलं नाही. आपण न्याय केला असं त्यांना वाटत होतं आणि त्या नादात ते चक्क शीळ घालत होते.

शीळ दुपारपर्यंत टिकली. दुपारी एक नर्स आली, हिचाही रंग काळाच. घरी जुळ्या मुली. "काल टोपलीत दोन बघून ठेवल्या होत्या. आज यांची किंमत दुप्पट कशी झाली?"

आजोबांनी समजावून सांगितलं. निम्मी किंमत म्हणजे अपमान, म्हणून आता बरोबरीचा मान, वगैरे वगैरे. नर्सने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मान तुम्ही द्यायचा आणि त्याचे पैसे मी भरायचे?"

मुलाने हसू लपवायला तोंड फिरवलं. आजोबांचा चेहरा पडला. मग त्यांनी दोन बाहुल्या कालच्याच भावात बांधून दिल्या, आणि ती गेल्यावर गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या काढायला बसले. दोघींना एकच भाव लावला, पूर्णपेक्षा कमी आणि निम्म्यापेक्षा जास्त.

"अहो, गोऱ्या पूर्ण भावात जातायत!" मुलाने कपाळावर हात मारला. "हातचं कशाला घालवताय?"

"कारखाना मला दोघी एकाच किमतीत देतो. मग फरक केला कुणी? आपणच ना?"

"आपण नाही. गिऱ्हाइकांनी."

"त्यांच्या डोक्यात होता तो. चिठ्ठीवर लिहिला आपण."

खारू मात्र पायरीवरच. दुकानात यायची नाही, टोपलीकडे बघायची नाही. आजोबांनी टोपलीत शिंग मोडलेली गाय ठेवून पाहिली, शेपूट तुटलेला घोडा ठेवून पाहिला. पोरगी ढिम्म हलेना. शेवटी ते दोन गोळ्या मुठीत घेऊन, गुडघे धरत तिच्याशेजारी जाऊन बसले.

"एक तुझी राहिलीय माझ्याकडे. त्या दिवशीची."

"पण त्या दिवशी खोट नव्हतीच. तूच म्हणालास."

"बाहुलीत नव्हती. माझ्या भावात होती. तुझ्यामुळे सापडली."

खारूने गोळीला हात लावला नाही. "मग गिऱ्हाइकाला दाखव की. खोट दाखवायची असते."

नियम त्यांचाच, सुटका नव्हती. तेवढ्यात एक बाई आत शिरल्या आणि बाहुल्यांच्या फळीकडे वळल्या. आजोबा उठून गेले, चष्मा नीट केला, घसा खाकरला आणि निखळलेलं चाक दाखवताना लावत तोच आवाज लावला.

"बाई, या दोघींत कसलीही खोट नाही. खोट मी लावलेल्या भावात होती. काळीचा मी उतरवला होता. तो आता दुरुस्त केलाय."

बाई गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी गोरीच घेतली आणि पैसे देऊन निघून गेल्या.

आजोबांनी भीतभीत मागे वळून पाहिलं. खारू दारात उभी होती. तिने हात पुढे केला, एक गोळी घेतली, दुसरी त्यांच्या तळहातावर तशीच ठेवली.

"ती तुझी," ती म्हणाली आणि टोपलीपुढे जाऊन फतकल मारून बसली.