नाव घेईल ती नलू

जयवंतच्या बायकोच्या अंगात देवी येते, असं लालबागच्या त्या अख्ख्या चाळीने ठरवून टाकलं होतं. जयवंतला कुणी विचारलंच नाही. कौसल्या एरवी खाली मान घालून भाकऱ्या थापणारी. पण थापता थापता हात थांबायचा, मान वर व्हायची आणि "जयवंत, ऊठ रे, मोर्चा निघाला!" असं ओरडत एक भलतीच बाई पदर खोचून जिना उतरायची. ती आपलं नाव नलू सांगायची. शेजारच्या रखमाकाकी लगबगीने ओटी घेऊन आल्या, तर नलूने त्यातला नारळ उंबऱ्यावर फोडून पोरांना वाटला. देवी अशी असते का, सांगा!

तिसरीही एक होती, आठेक वर्षांची पोर. ती गॅलरीत सागरगोटे खेळत बसायची. तिचा कुणाला त्रास नव्हता.

जयवंतचा जीव टांगणीला लागला होता तो नलूपायी. संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं होतं, गिरणगावात गोळ्या सुटत होत्या आणि ही बाई नेमकी पुढच्या रांगेत. गोळी नलूला लागली तरी मरणार कौसल्याच, या विचाराने त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. गिरणीत मागावर उभा असला तरी कान बाहेरच्या आवाजाकडे. धागे तुटत राहायचे आणि मागांवर देखरेख करणारा जॉबर शिव्या घालायचा.

दादरच्या डॉक्टर रेग्यांनी घरच्या माडीवर एक यंत्र बांधलं होतं. डोक्याला पट्टे लावले की काचेवर हिरवी रेघ नाचू लागे. डॉक्टर चकती फिरवून आतल्या एकेकीला वर आणत, आणि लाल खटका दाबला की वर आलेली कायमची पुसली जाई. जयवंत कौसल्येला तिथे घेऊन गेला, आणि पहिल्या खेपेला ती पोर गेली. घरी आल्यावर कौसल्येने सागरगोटे उचलून विचारलं, "अहो, हे कुणाच्या पोरीचे राहिले?" जयवंतच्या काळजात चर्र झालं. पण नलूची भीती त्याहून मोठी होती.

"आता नलू," दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले. "पण एक सांगतो. पोर रेघेवरून कळली. या दोघींच्या रेघा अगदी सारख्या आहेत. वर कोण आलंय ते तुम्ही ओळखायचं. खटका दाबल्यावर परत आणणं माझ्या हातात नाही."

"त्यात काय ओळखायचं डॉक्टर?" जयवंत छाती काढून म्हणाला. "माझी बायको माझं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तरी रखमाकाकींना सांगायला लावते. नाव घेईल ती नलू!"

डॉक्टरांना ही खूण फार आवडली. कौसल्या पट्टे लावून समोरच बसली होती. खोलीत आपण तिघंच आहोत, असं जयवंत धरून चालला होता. शहाणाच की नाही!

चकती फिरली. तिची मान खाली गेली, हाताने पदर सारखा केला. "अहो, ऐकलंत का? घरी चला ना. दूध उघडंच राहिलंय."

"ही माझी," जयवंत म्हणाला. त्याला केवढा धीर आला. "हिला धक्का लावू नका."

पुन्हा चकती फिरली. मान ताडकन वर आली. डोळे भिरभिरत होते, बोटं खुर्चीच्या हातांत रुतली होती. ओठ नुसतेच थरथरले, आणि मग ती किंचाळली, "जयवंत! जयवंत!"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. नलू हाक मारी ती हुकूम सोडल्यासारखी. ही तशी नव्हती. पण खाली रस्त्यावर घोषणा सुरू झाल्या होत्या आणि त्याला हे एकदाचं संपवायचं होतं.

"हीच," तो म्हणाला. "दाबा."

ट्राम बंद होत्या, म्हणून दोघं पायीच निघाले. ती डोक्यावर पदर घेऊन मागून चालत होती. परळला जयवंतने अबोलीची वेणी घेतली आणि बऱ्याच दिवसांनी त्याला भूक लागल्यासारखं वाटलं. तेवढ्यात समोरून मोर्चा आला. त्याने तिचा हात धरला. "घाबरू नकोस, कडेने चल."

ती जागची हलली नाही. पदर खांद्यावर आला होता आणि ती रडत होती.

"जयवंत," ती म्हणाली.

त्याने हात सोडला.

"मला मरायचं नव्हतं रे. तू खूण सांगितलीस, मी आतून ऐकली. म्हणून सोंग घेतलं. अहो, पदर, दूध, सगळं." तिने नाक पुसलं. "पण मला वाटलेलं, तू ओळखशील. माझं सोंग तिनेही आतून ऐकलं, आणि जिवावर बेतलं तेव्हा तिला तुझ्या नावाशिवाय काही सुचलं नाही. तिने पहिल्यांदाच तुला नावाने हाक मारली, आणि तू 'दाबा' म्हणालास."

मोर्चा दोघांना वळसा घालून पुढे गेला. नलू त्यात शिरली नाही. जयवंत फुटपाथवर मटकन बसला.

"पुन्हा हाक मार," तो म्हणाला. "तिने मारली तशी."

नलूने प्रयत्न केला. तिला ती जमली नाही.