फटफटीला हळदकुंकू

बापूरावाच्या मळ्यात कोवळ्या काकडीकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती. बोट दाखवलं की कळी सडते, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवायचं. वाशीमच्या बाजारातला एखादं गिऱ्हाईक मळ्यात आलं आणि कौतुकानं म्हणालं, की यंदा कोहळं झकास धरलंय, तर बापूराव तोंड वाकडं करून म्हणायचा, "कायचं झकास? निस्ती कीड हाये." फळ हाताला लागेपर्यंत त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं नाही, हा या मळ्याचा कायदा होता.

हा कायदा काकडी-कोहळ्यापुरता ठेवला असता तर काहीच बिघडलं नसतं. पण बापूरावानं तो माणसांनाही लावला. त्याचा धाकटा भाऊ चंपत सातवी पास झाला तेव्हा बापूराव "पाहू" म्हणाला. चंपत लढाईवर गेला, तिथं पलटणीच्या मोटारी दुरुस्त करायला शिकला आणि चार वर्षांनी धडधाकट परत आला, तेव्हा तर बापूरावाला रडू फुटायचंच बाकी होतं. पण त्यानं नुसतं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "रोड झाला." आईबाप तापाच्या साथीत गेले तेव्हा चंपत तीन वर्षांचा होता. त्याला खांद्यावर बसवून मोट हाकलेल्या माणसाचं हे स्वागत. आवडाबाईनं, म्हणजे बापूरावाच्या बायकोनं, त्या दिवशी नवऱ्याशी अबोला धरला. तिचं बरोबर होतं.

लढाई संपल्यावर लष्कराचा मोडका माल अकोल्यात लिलावाला निघाला होता. सेहेचाळीस सालच्या वैशाखात चंपतनं तिथून एक फटफटी बैलबंडीत घालून आणली. फटफटी म्हणजे काय, तिचा सांगाडा. पुढचं चाक वाकडं, टाकीला पोचा, बसायची जागा जळालेली. लोक पाहायला आले आणि हसून गेले. पोरगा नवरी आणायच्या वयात म्हातारी घोडी घेऊन आला, असं कुणीतरी म्हणालं आणि ते आठ दिवस बाजारात फिरलं.

चंपतनं मनावर घेतलं नाही. त्यानं विहिरीजवळच्या ओल्या मातीत काडीनं चित्र काढून भावाला समजावलं. पुढचा अर्धा भाग फटफटीचा. मागं एकाच्या जागी दोन चाकं आणि त्यांच्यावर भाजीचा मोठा खोका, वरून ओलं गोणपाट.

"दादा, आपली मेथी बंडीत रातभर चालते अन् मंगरूळपीरले पोचते तवा अर्धी मेलेली राह्यते. ह्याच्यावर दोन घंट्यात जाते. सकायी तोडली का दुपारच्या आत बजारात."

बापूरावानं चित्राभोवती एक चक्कर मारली.

"पाहू," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर चित्र त्याला फार आवडलं होतं. चंपत जेवायला गेल्यावर त्यानं त्या खोक्यात वांग्याच्या किती टोपल्या मावतील, ते पावलांनी मोजूनही पाहिलं. पण आवडलं म्हणायचं कसं? अजून फळ धरलंच नव्हतं. शिवाय मनात एक भीती होती. बैल मळ्यातच फिरतो, पण ज्याच्या बुडाखाली इंजन आलं तो कशाला मळ्यात राहील? म्हणून बापूरावानं हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. कडुनिंबाखाली चंपतनं तुरीच्या तुऱ्हाट्यांचं खोपट उभारलं आणि तिथं पाच महिने काम केलं. त्या पाच महिन्यांत बापूराव एकदाही आत गेला नाही. पाणी द्यायला जाताना तो मान दुसरीकडे वळवून जायचा.

"घडीभर जाऊन बसा तं खरं," आवडाबाई म्हणायची. "तो काय करून राह्यला ते तं पाहा."

"त्याचं तो पाहीन."

"तो तुमच्यासाठीच करून राह्यला."

बापूराव बैलांना पाणी पाजायला उठून गेला.

दसरा चार दिवसांवर आला असताना नागपूरहून चंपतला पत्र आलं. पलटणीतल्या त्याच्या जुन्या साहेबानं तिथं मोटारींच्या कारखान्यात जागा ठेवली होती, आणि दसरा झाला की कळव म्हणून लिहिलं होतं. चंपतनं पत्र भावापुढे वाचलं.

"दादा, इंजन आता होत आलं. मी अकोल्याले टायर आनाले जातो, दसऱ्याले परत येतो. तुमी हो म्हना, मी राह्यतो. नाही म्हना, मी जातो. काही तरी एक म्हना."

"पाहू," बापूराव म्हणाला. शब्द तोंडातून निघाला आणि त्याचा त्यालाच राग आला.

चंपत गेला. दुसऱ्या दिवशी मोट हाकताना बापूरावाच्या मनानं एकदम ठरवलं. करू द्यावी फटफटी. नव्हे, करायचीच. माणूस बाजारात जाईल आणि संध्याकाळी घरी येईल, आणखी काय पाहिजे? आता हे भावाला सांगायचं कसं, एवढंच राहिलं. तोंडानं सांगायची सवय नव्हती. मग त्याला एक तोड सुचली आणि ती इतकी नामी वाटली, की तो मोटेवर एकटाच हसला. दसऱ्याला मळ्याची सगळी अवजारं धुऊन पुजायची. नांगर, वखर, विळे, खुरपी, मोटेचं चाक. त्यांच्याच रांगेत फटफटी मांडायची. जी वस्तू घरच्या अवजारांत पुजली ती घरचीच झाली. याहून मोठा होकार कोणता?

दसऱ्याच्या सकाळी तो पहिल्यांदा खोपटात शिरला. सांगाडा सरळ झालेला होता. इंजिनाचे भाग फडक्यावर ओळीनं मांडलेले होते आणि कोपऱ्यात एका डब्यात कापडात गुंडाळून काहीतरी जपून ठेवलं होतं. बापूरावानं सगळं विहिरीवर नेलं. मोटेचं पाणी जिथं पडतं त्या थारोळ्यात एकेक भाग बुडवला, आणि आवडाबाई देवाची भांडी घासते तसा राख-चिंच लावून काथ्यानं घासला. डब्यातली वस्तू मुठीएवढी होती, वरून काळी आणि चिकट. मळ किती बसू दिला पोरानं, असं म्हणत त्यानं खुरप्याच्या टोकानं तो थर खरवडला. आतून तांबं चमकलं. अगदी केसासारखी बारीक तार होती ती, इकडेतिकडे तुटून वर आली, ती त्यानं दोऱ्यासारखी ओढून काढली आणि उरलेलं लखलखीत घासलं. दुपारपर्यंत त्याची बोटं सोलून निघाली. त्या दिवसाइतका आनंदात तो बऱ्याच वर्षांत नव्हता.

चंपत खांद्यावर टायर घेऊन आला तेव्हा उन्हं कलली होती. विहिरीजवळ नांगराच्या शेजारी फटफटी उभी होती. टाकीला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढं नारळ, आणि पाटावर तो तांब्याचा चकचकीत गोळा. चंपतनं टायर खाली ठेवला आणि तो गोळा हातात घेऊन घासलेल्या तारेवरून बोट फिरवलं.

"कोनं घासलं हे?"

"मीनं. सकायपासून तेच करून राह्यलो."

बापूराव वाट पाहत होता. आता पोराचा चेहरा उजळेल, आता तो काहीतरी बोलेल. चंपतनं गोळा पाटावर परत ठेवला. खिशातून आपट्याची पानं काढली, भावाच्या हातावर सोनं म्हणून ठेवली आणि त्याच्या पाया पडला.

"चांगलं केलं, दादा," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, की इंजन काही कामाचं निघालं नाही, नागपूरला जातो. बापूरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण एवढा होकार दिला आणि हा असा निघाला. पोराला जायचंच होतं, टायर आणि इंजन हे सगळं निमित्त होतं, असं त्यानं ठरवून टाकलं. प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीपर्यंत पोचवायला तो गेलाच नाही. आवडाबाई भाकरी बांधून घेऊन गेली आणि एकटीच परत आली. पुढं पत्रं यायची, शाळेचे मास्तर वाचून दाखवायचे आणि बापूराव "बरं" म्हणायचा.

दीड वर्ष गेलं. चैत्रात गोविंदसिंग मळ्यावर आला. हा वाशीम-मंगरूळपीर सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर. त्याला काही नट-बोल्ट पाहिजे होते आणि इथं जुनी फटफटी पडून आहे असं त्यानं ऐकलं होतं. खोपटात तो एकेक वस्तू उलटून पाहत होता. तो तांब्याचा गोळा त्याच्या हाताला लागला.

"ये किसने खरवडलं?"

"मीनं. सोन्यावानी केलं होतं तवा," बापूराव म्हणाला.

गोविंदसिंग आधी हसला. मग त्यानं बापूरावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं.

"बापूरावभाऊ, हे फटफटीचं काळीज हाये. ह्याच्यातून ठिनगी पडते. ह्या तारेचे हजारो वेढे हातानं मारा लागते, एकावर एक, अन् वरून लाख चढवा लागते. कोनं तरी महिनाभर डोये फोडून हे भरलं होतं. तुमी लाख खरवडली, तार तोडली. खतम झालं हे."

बापूराव खाली बसला. इंजन कामाचं निघालं नाही म्हणे. पोरानं आपली चूक आपल्याला कळूसुद्धा दिली नाही. दादाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलला आणि घर सोडून गेला, आणि आपण त्याला साधं पोचवायलाही गेलो नाही. पाच महिन्यांत एकदा जरी त्या खोपटात जाऊन बसलो असतो, तर ते काळं म्हणजे मळ नव्हे, एवढं तरी कळलं असतं. हे सगळं त्यानं आवडाबाईला मोठ्यानं सांगितलं आणि सांगताना तो लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी तो अकोल्याला जाऊन जन्मात पहिल्यांदा आगगाडीत, नागपूरच्या, चढला.

नागपूरच्या कारखान्यामागच्या खोलीत चंपतनं त्याला स्टोव्हवर चहा करून दिला. बापूरावानं चहाला हात लावायच्या आधीच बोलून टाकलं.

"तुझं यंतर माह्या हातानं मेलं. मले मालूम नव्हतं, चंपत. ती लाख मले मळ वाटली. तू त्याच दिवशी मले बोलला काहून नाही?"

चंपतनं स्टोव्ह विझवला.

"तुमाले मालूम नव्हतं?"

"देवाशपथ नाही."

"मले वाटलं, तुमी समजून केलं."

"समजून?"

"आपन गनपती पुजतो अन् मंग पान्यात सोडतो. मले वाटलं, तुमी तशीच पूजा केली. तोंडानं तं तुमी कदी बोलत नाही. म्हनून मी म्हनलं, दादानं नाही म्हनलं. मोठ्या भावाशी वाद कायले घालाचा."

"अरे, मी हो म्हनत होतो रे."

बाहेर कुणीतरी लोखंडावर घण घालत होतं. बापूरावानं भावाचा हात धरला.

"आता चल घरी. मले तू पाह्यजे."

हे वाक्य त्याच्या तोंडून तेवीस वर्षांत पहिल्यांदा निघालं होतं. चंपतनं हात सोडवून घेतला नाही, पण नकाराची मान हलवली.

"आता नाही जमत, दादा. इथं माह्या हाताखाली सहा जन हायेत. पुढच्या महिन्यात साहेब क्वार्टर देऊन राह्यला."

बापूरावानं मान खाली घातली. जे झालं ते होणारच होतं, एवढं तरी ऐकायला मिळावं म्हणून त्यानं विचारलं, "ते वेढे मोडले, मंग पुन्हा काही करता आलं नसतं ना?"

"आलं असतं," चंपत म्हणाला. "माह्यापाशी ट्रंकेत तार होती ना. महिन्याचं काम होतं."